मला सायनस आहे!

आपल्याकडे कुणाला बरं वाटत नसलं आणि काय होतंय म्हणून विचारलं, की एक उत्तर हमखास ऐकू येतं. "काही नाही हो, मला सायनस आहे ना!" ऐकणाराही लगेच समजल्यासारखी मान डोलावतो. "अरे बापरे! मग दही खाऊ नका, रात्री कानाला बांधून झोपत जा." झालं, संभाषण संपलं.

माझ्यातल्या मराठीच्या बाईंना हे वाक्य वर्षानुवर्षं टोचत आलं आहे. कारण "मला सायनस आहे" म्हणणं हे "मला गुडघा आहे" म्हणण्यासारखंच आहे. अहो, सायनस सगळ्यांनाच असतात! तुम्हाला आहेत, मला आहेत, थंडगार ताक पिऊन वर आईस्क्रीम खाणाऱ्या आमच्या नातवालाही आहेत.

तुम्ही म्हणाल, बाई निवृत्त झाल्या तरी लाल शाईचं पेन काही खाली ठेवत नाहीत. पण मी व्याकरणाचा तास घ्यायला बसलेले नाही. माझं म्हणणं असं आहे की या एका ढिसाळ शब्दापायी कितीतरी माणसं बरी व्हायची राहून जातात. दुखणं एक असतं, उपाय भलत्याच दुखण्यावर चाललेले असतात, आणि गुण येत नाही म्हटल्यावर "सायनस काय, जन्माचा सोबती" असं म्हणून माणूस मुकाट सोसत बसतो. मी स्वतः नाकाच्या दुखण्यात तीसेक वर्षं काढली आहेत आणि गेली नऊ-दहा वर्षं सुखात आहे. तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजते.

आधी शब्दाचीच गंमत सांगते. सायनस हा लॅटिन शब्द. खोलगा, खोबण, कपड्याची घडी असा त्याचा अर्थ. आणि शाळेत त्रिकोणमितीत आपल्याला छळणारा जो 'साईन' तोही हाच शब्द बरं का! आपल्या आर्यभटाची 'ज्या', तिलाच 'जीवा' असंही म्हणत. ती अरबांनी 'जिबा' म्हणून नेली. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे ती अक्षरं 'जैब' अशी वाचली गेली. जैब म्हणजे कपड्याची घडी, छातीशी असलेला खोलगा (हिंदीतली 'जेब' तीच). बाराव्या शतकात युरोपातल्या भाषांतरकारांनी त्या जैबचं लॅटिन करून टाकलं 'सायनस'. म्हणजे आर्यभटाची ज्या फिरत फिरत आपल्या नाकापाशी आली म्हणायची! असो.

तर हे नाकाच्या आजूबाजूला असलेले खिसेच आहेत. हवेने भरलेल्या पोकळ्या. त्यांच्या चार जोड्या. एक कपाळात, एक गालाच्या हाडात, एक दोन डोळ्यांच्या मधे मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक खणाखणांची, आणि एक पार आत, कवटीच्या तळाशी. प्रत्येक पोकळीला आतून ओलसर अस्तर असतं आणि त्यावर डोळ्याला न दिसणारे केस असतात. ते केस आतला पातळ शेंबूड सतत एकाच दिशेने, पोकळीच्या दाराकडे, ढकलत असतात. निरोगी माणसात हे काम दिवसरात्र चालू असतं आणि त्याचा आपल्याला पत्ताही नसतो.

आता खरी मेख इथे आहे. गालातल्या पोकळीचं दार तळाशी नाही, वरच्या अंगाला आहे! मोरीचं भोक जमिनीलगत न ठेवता खिडकीच्या उंचीवर ठेवलं तर काय होईल? तसंच. केस काम करत आहेत तोवर पाणी वर चढून बाहेर जातं. सर्दीने, ॲलर्जीने किंवा आणखी कशाने दाराजवळचं अस्तर सुजलं, की दार बंद आणि आत सगळं तुंबलेलं. सायनसवरचे जे काही खरे उपाय आहेत ते सगळे शेवटी याच दोन गोष्टी करतात. दाराची सूज उतरवायची आणि तुंबलेलं वाहतं करायचं.

एवढं समजलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. दार कशामुळे सुजलं? आणि मुळात दार बंद झालंय तरी का? "मला सायनस आहे" म्हणणारा माणूस हा प्रश्न विचारतच नाही. त्याच्या मते उत्तर आधीच मिळालेलं असतं.

माझ्या धाकट्या जावेचं उदाहरण देते. (तिची परवानगी घेतली आहे.) तिशीपासून तिचं कपाळ दुखायचं, भुवईच्या वर आणि गालात. महिन्यातून दोन-तीनदा. त्या दिवशी नाकही थोडं वाहायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं, सायनस. वेखंड उगाळून झालं, सुंठीचा लेप झाला, वाफारे झाले, कांदा-केळी बंद झाली. सतरा-अठरा वर्षं हे चाललं. शेवटी भाचीच्या लग्नात ऐन सीमांतपूजनाच्या वेळी ती आतल्या खोलीत अंधार करून, डोक्यावर पदर ओढून पडून राहिली, तेव्हा नात्यातल्याच एका मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी तिला तीन प्रश्न विचारले. दुखतं तेव्हा उजेड सहन होतो का? मळमळतं का? घरातलं काम करता येतं का, की पडूनच राहावं लागतं? उत्तरं ऐकून ते म्हणाले, "वहिनी, ही अर्धशिशी आहे. तुमच्या नाकाचा यात काही संबंध नाही."

अर्धशिशीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत फरक पडला. सतरा वर्षांचं केळं वर्ज्य गेलं ते गेलंच!

हे तिच्या एकटीचं नाही. २००४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी स्वतःला 'सायनसची डोकेदुखी' आहे असं म्हणणारे २९९१ लोक तपासले. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीच्या प्रकारात बसत होती. चेहऱ्याची संवेदना ज्या मज्जातंतूतून जाते तोच अर्धशिशीतही खवळतो, त्यामुळे नाक वाहणं, डोळे पाणावणं हे त्यातही होतं. नुसतं डोकं दुखतंय, नाक चोंदलेलं नाही, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड नाही, वास येतोय, असं असेल तर आपलं बिचारं सायनस बहुधा निर्दोष असतं.

दुसरं उदाहरण आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचं. त्यांच्या डाव्याच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव यायचा. त्यांना स्वतःलाच तो वास यायचा, म्हणून चारचौघांत बसायलाही ते संकोचत. औषधाने आठ दिवस बरं, की पुन्हा तेच. अखेर दोष निघाला वरच्या दाढेत! वरच्या दाढांची मुळं गालातल्या पोकळीच्या अगदी तळाला टेकलेली असतात. दाढ आतून किडली की तिथला पू सरळ वर जातो. ही गोष्ट काही आजची नाही. नॅथॅनिएल हायमोर नावाच्या इंग्रज वैद्याने १६५१ साली गालातल्या पोकळीचं वर्णन लिहिलं, त्यात दात काढल्यावर त्या जागेतून स्राव वाहू लागलेल्या एका बाईंची हकिगत दिली आहे. पौने चारशे वर्षं झाली! तेव्हा एकाच बाजूचा त्रास असेल तर दाताच्या डॉक्टरांनाही तोंड दाखवावं. आणि एकाच बाजूने रक्त येत असेल तर अजिबात दिरंगाई करू नये, कारण क्वचित गाठही असू शकते.

मग ते "नाकाचं हाड वाढलंय". हाही आपला एक खास मराठी आजार! नाकाच्या मधला पडदा थोडाफार वाकडा असणं ही अगदी सर्रास गोष्ट आहे आणि कित्येकांना त्याचा जन्मात त्रास होत नाही. काही जणांच्या नाकातल्या बाजूच्या वळ्या सुजलेल्या असतात, बाहेरून पाहणाऱ्याला ते वाढलेलं हाडच वाटतं. खरोखर श्वास अडवण्याइतका पडदा वाकडा असला तर तो सरळ करतात, पण दर शिंकेला हाडाला बोल लावण्यात अर्थ नाही. आणि शिंकांवर शिंका, नाकाला-डोळ्यांना खाज, पाण्यासारखं वाहणारं नाक, हे असेल तर ती ॲलर्जी. पुणेकरांना गाजरगवताबद्दल वेगळं सांगायला नको. १९५०च्या दशकात या देशात ते पहिल्यांदा लक्षात आलं ते आमच्या पुण्यातच. तोही एक मान आपल्याकडेच!

जुन्या लोकांना हा भेद कळत होता. सुश्रुतसंहितेत नाकाचे एकतीस रोग मोजले आहेत. साधा प्रतिश्याय वेगळा, बिघडून जुनाट झालेला दुष्ट प्रतिश्याय वेगळा, पीनस वेगळा. आपलं 'पडसं' हे त्या प्रतिश्यायाचंच मराठी रूप मानतात. एकतीस नावं असलेल्या नाकाला आपण एकच इंग्रजी नाव देऊन मोकळे झालो, आणि वर त्याला प्रगती म्हणतो.

आता माझं. माझ्या नाकात खरोखरच बिघाड होता. पस्तिशीच्या सुमाराला सुरू झालं. दोन्ही नाकपुड्या चोंदलेल्या, घट्ट कफ मागून घशात उतरायचा. वर्गात दर दोन वाक्यांनी खाकरावं लागे. मुलं मागे नक्कल करत, मला माहीत होतं. दर पावसाळ्यात गालावर दगड ठेवल्यासारखं जड व्हायचं. गावातल्या दवाखान्यात गेलं की पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, एक पिवळी गोळी आणि बाटलीतलं लाल औषध. इतक्या वर्षांत किती कोर्स झाले त्याचा हिशोब नाही. पण एक गोष्ट पक्की आठवते, की त्या सगळ्या वर्षांत औषध देणाऱ्या कुणीही माझ्या नाकात दिवा धरून एकदाही आत पाहिलं नाही. साधी सर्दी ही विषाणूंची असते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. दहा दिवस उलटूनही उतार पडला नाही, किंवा बरं होता होता पुन्हा ताप-दुखणं उसळलं, तर मग त्याचा विचार करायचा असतो. आणि बारा आठवड्यांहून जास्त चाललेलं दुखणं म्हणजे जुनाट सायनसचा दाह. त्यात तर मूळ गोष्ट बहुतेकदा जंतू ही नसतेच, अस्तराची सूज ही असते. हे मला कळलं ते पुष्कळ पुढे.

पण या सगळ्यापेक्षा जास्त लागलेली गोष्ट म्हणजे वास गेला. एका दिवसात नाही, हळूहळू. आधी फुलं गेली. मग फोडणीतला हिंग गेला. मग एक दिवस गॅसवर दूध करपून पातेलं काळं होईतो मी ओट्याशी उभी राहून भाजी निवडत होते. सूनबाई बाहेरून धावत आली. वास नसलेल्या माणसाला कुणी आजारी समजत नाही, कारण दिसत काहीच नाही. पण जेवणातली चव जाते, निम्म्याहून जास्त चव ही वासातच असते. आमटी आंबली आहे का हे दुसऱ्याला विचारावं लागतं. आपल्या अंगाला घामाचा वास येतोय का या धास्तीने मी दिवसातून दोनदा आंघोळ करत असे. नातू झाला तेव्हा सगळ्याजणी त्याच्या टाळूचा वास घेऊन "अगंबाई!" म्हणायच्या. मीही म्हणायचे. येत काहीच नव्हतं.

२०१६ साली एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकात बारीक दुर्बीण घालून पाहिलं आणि समोरच्या पडद्यावर मलाही दाखवलं. आत सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट मणी लोंबत होते. पॉलिप. अस्तरच सुजून सुजून असे घोस लोंबतात. ते दारं बुजवतात आणि वास जिथे कळतो ती वरची फटही बुजवतात. दोन मिनिटांची तपासणी! त्यासाठी तीस वर्षं.

पुढचं थोडक्यात सांगते. आधी औषधं, मग स्कॅन, मग दुर्बिणीतून ऑपरेशन. ऑपरेशननंतर पंधरा-वीस दिवसांनी मला पहिला वास आला तो काही बकुळीचा नव्हता. मोरीत ओतलेल्या फिनेलचा आला! मी तिथेच उभी राहून दोन-तीनदा हुंगलं. यजमानांना वाटलं हिचं काहीतरी बिनसलं. सगळा वास परत आलेला नाही, पण हिंग येतो, करपलेलं कळतं. मला तेवढं पुरे आहे.

आता घरगुती उपायांबद्दल. इथे माझ्या काही मैत्रिणी नाराज होतील, पण मनातलं बोलते. वाफारा घेतल्यावर बरं वाटतं हे खरंच आहे, मीही घेते. पण बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. इंग्लंडमध्ये जुनाट सायनसचा त्रास असलेल्या ८७१ लोकांवर एक चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना थोडा पण खरा फायदा झाला. वाफ घेणाऱ्यांना डोकेदुखीपुरता आराम सोडला तर विशेष काही नाही. लहान मुलांना तर उकळत्या पातेल्यावर मुळीच बसवू नये. पातेलं कलंडून भाजल्याचे प्रकार होतात, आणि त्यापुढे सर्दी परवडली.

बामचंही तसंच. कपाळाला अमृतांजन चोळणं हा आपल्याकडे संस्कारच आहे (ते १८९३ सालापासून आहे, आणि मूळचं मुंबईचं). मेंथॉलच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. खरं तर ते मोकळं होत नाही! आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारी एक कळ असते, ती मेंथॉलने दाबली जाते आणि मेंदूला वाटतं गार हवा आत येते आहे. ही कळ शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन या दोघा शास्त्रज्ञांना स्पर्श-तापमानाच्या संशोधनाबद्दल २०२१ चं नोबेल मिळालं. एवढी मोठी फसवणूक इतक्या प्रेमाने करणारं दुसरं औषध नसेल. झोप लागत असेल तर खुशाल लावा, फक्त त्याला इलाज म्हणू नका.

सर्दीच्या गोळ्यांबद्दल मात्र मी एवढी उदार नाही. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करण्यासाठी फिनाइलएफ्रिन असतं. २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं की तोंडाने घेतलेल्या या औषधाचा चोंदलेल्या नाकाला उपयोग होत नाही. आणि नाकात घालायचे ते जादूचे थेंब! दोन मिनिटांत नाक मोकळं. पाच-सात दिवसांच्या पुढे वापरले की नाकाला त्यांची चटक लागते, थेंब नसले की आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून आणखी थेंब. माझ्या एका भाच्याच्या उशाखाली चार वर्षं ती बाटली होती. बाटली सापडली नाही तर पोरगा रात्री अकरा वाजता औषधाचं दुकान शोधत फिरायचा.

मग आराम कशाने पडतो? उत्तर अगदी नीरस आहे, म्हणूनच ते कुणाला आवडत नाही. मिठाचं पाणी आणि नाकात मारायचा फवारा. रोज. दात घासल्यासारखं.

नाक धुण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. हठयोगात नेती ही षट्कर्मांपैकी एक. झारीने पाणी घालायची जलनेती कैवल्यधामसारख्या संस्थांमुळे (लोणावळ्याची ही संस्था १९२४ ची) कितीतरी घरांत पोहोचली. मात्र नुसतं पाणी घालू नये, ते झोंबतं. डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट असलं की काही जाणवत नाही. लिटरभर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. बेसिनवर वाकून एका नाकपुडीतून घालायचं, तोंडाने श्वास घेत राहायचं, दुसरीतून बाहेर येतं. नंतर खाली वाकून राहिलेलं पाणी काढून टाकायचं आणि हलकेच शिंकरायचं. जोराने शिंकरलं तर कानात दडे बसतात.

पाणी नळाचं थेट घ्यायचं नाही. हे मी ठळक अक्षरांत लिहीत आहे असं समजा. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यायचं आणि कोमट झाल्यावर वापरायचं. पोटात गेलं तर बाधत नाही असा एक अमीबा गोड्या पाण्यात असतो, तो नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मग माणूस वाचणं फार कठीण. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती केलेले दोघे असे दगावले. आपल्याकडे २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात अमीबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण वाढले, त्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण पाणी उकळायला पाच मिनिटं लागतात, मग का नाही उकळायचं? झारीसुद्धा धुऊन कोरडी करून ठेवावी.

फवाऱ्याचं नाव काढलं की लोक दचकतात. "स्टेरॉईड? नको गं बाई!" या भीतीपोटी कित्येकांनी बाटली विकत घेऊन कपाटात ठेवलेली मी पाहिली आहे. मोमेटासोन घ्या, एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम औषध असतं. दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे मिळून २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा, आणि त्यातलंही रक्तात अगदी नाममात्र जातं. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉईडच्या गोळ्या वीस-तीस-चाळीस मिलिग्रॅमच्या भाषेत बोलतात. ती भीती गोळ्यांसाठी राखून ठेवावी. काचबिंदू वगैरे असेल तर डॉक्टरांना सांगायचं, हे आलंच. फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर मारू नये, रक्त येतं. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारला की तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला राहतं. मान थोडी पुढे, आणि जोराने ओढायचं नाही. ओढलं की औषध घशात गेलं, नाकाला काय मिळालं? आणि हे थेंबांसारखं दोन मिनिटांत काम करत नाही. दोन-तीन आठवडे तरी नेमाने मारल्यावर फरक कळतो. आपल्या लोकांना तीन दिवसांत गुण हवा असतो, तिथे सगळं फिसकटतं.

"सायनसचं ऑपरेशन करू नये, परत होतं" हेही आपल्याकडे ठरलेलं वाक्य. त्यात निम्मं तथ्य आहे. पूर्वी वरचा ओठ उचलून, हिरडीच्या वरून गालाचं हाड फोडून करत, ते आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलं होतं म्हणून ती धास्ती. आता नाकातूनच, दुर्बिणीने, नेमकी बंद झालेली दारं मोठी करतात. १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ झाली. पण सुजायची प्रवृत्ती ऑपरेशनने जात नाही. दार रुंद होतं, म्हणजे धुण्याचं पाणी आणि फवारा आत पोहोचतो, इतकंच. ऑपरेशन झालं म्हणून ज्यांनी नाक धुणं सोडलं, त्यांचं परत झालं, आणि त्यांनीच गावभर सांगितलं. ज्यांचं बरं चाललंय ते कशाला बोलत बसतील!

मधुमेह असणाऱ्यांनी मात्र जास्तच जपावं. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीने महाराष्ट्रात काय केलं ते आपण पाहिलं आहे. करोनातून उठलेली, साखर वाढलेली माणसं, आणि सुरुवात कशाने? नाक चोंदणं आणि गाल दुखणं. "सायनस असेल" म्हणून किती जणांनी ते चार दिवस काढले असतील! डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, गाल बधिर होणं, नाकातून काळपट येणं, मान आखडून ताप येणं, यातलं काहीही झालं तर वाफारा नाही आणि लेप नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठा दवाखाना.

बाकीच्यांना मी सध्या एकच उद्योग सांगते. डॉक्टरांकडे जाताना 'सायनस' हा शब्द घरी ठेवून जा आणि त्याऐवजी एका कागदावर लिहून न्या. एका बाजूला की दोन्ही बाजूंना? किती आठवडे? पातळ की घट्ट, रंग कोणता? वास येतो का, केव्हापासून नाही? खाज-शिंका आहेत का? वरची दाढ दुखते का? दुखतं तेव्हा उजेड नकोसा होतो का? आतापर्यंत कोणकोणती औषधं झाली?

वरच्या मजल्यावरच्या घरातली सूनबाई चार वर्षं "सायनस" घेऊन फिरते आहे. मागच्या आठवड्यात मीच तिला बसवून असा कागद लिहायला लावला. लिहिता लिहिता तिच्याच लक्षात आलं, की कॉफीचा वास आपल्याला दिवाळीपासून आलेला नाही. डॉक्टरांनी कागद वाचला, उलटा करून मागची बाजूही वाचली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या नाकात दुर्बीण घालून पाहिलं. गुरुवारी तिचा स्कॅन आहे. तिच्या सासूबाई म्हणाल्या, मी सोबत गेले तर बरं होईल. मी हो म्हटलं आहे.